गावाचा वारसा, गावाचे पाहुणे : पहिला पाहुणा येण्याआधी काय ठरवावं?

ओंजळ

पर्यटन आलं की वारसा टिकतो, असं एक बाजू सांगते. पर्यटन आलं की वारसा बाजारात बसतो, असं दुसरी. दोन्हींची उदाहरणं हवी तितकी मिळतात, म्हणून तो वाद इथे पुन्हा नको. मला वेगळं विचारायचंय. एखाद्या गावाने स्वतःहून ठरवलं की आपली जुनी घरं, गाणी, कारागिरी लोकांना दाखवायची आणि त्यातून चार पैसे मिळवायचे, तर पहिला पाहुणा दारात येण्याआधी त्या गावाने आपसात काय ठरवून घ्यायला हवं?

माझं मत आधी सांगते. जपानमधल्या शिराकावा-गोची उंच, उतरत्या गवती छपरांची घरं १९९५ साली जागतिक वारसा यादीत गेली, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्याच्या कितीतरी आधी, १९७१ मध्ये, तिथल्या ओगिमाची वस्तीच्या रहिवाशांनी संघटना काढून तीन गोष्टी ठरवल्या होत्या: घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. जगाची पाटी लागण्याआधी जवळजवळ पाव शतक त्या माणसांनी स्वतःवर बंधन घालून घेतलं होतं. आणि त्यामागे कारण होतं. छपराचं गवत तीस-चाळीस वर्षांनी बदलावं लागतं. मोठं छप्पर असेल तर शंभर-दोनशे माणसं एकाच वेळी त्यावर चढतात, कुणी गवत वर देतं, कुणी दोर आवळतं. आज तुझ्या घरावर मी, उद्या माझ्या घरावर तू. म्हणजे घर वाचवायचं तर ही रीत वाचायला हवी आणि रीत वाचायची तर शेजारी गावात राहायला हवा. शेजाऱ्याने घर विकलं आणि मालक दूरच्या शहरात बसला, की छपरावर कोण चढणार?

म्हणून मला वाटतं, पहिला ठराव काय दाखवायचं याचा नसावाच. काय विकायचं नाही आणि काय दाखवायचं नाही, याचा असावा. तुम्हाला काय वाटतं? अनुभव असतील तर सविस्तर लिहा. विरोध असेल तर आणखी सविस्तर.

वाटसरू_

वाचतोय. चांगला विषय, जागा धरून ठेवतो.

गोफण

विरोध सविस्तर मागितलाय म्हणून लिहितो. शिराकावा-गो मला अर्धंच पटतं. काही शे माणसांच्या वस्तीत वर्षाला दहा लाखांहून जास्त लोक येऊन जातात. घरं उभी आहेत, मान्य. पण दोरीवरच्या कपड्यांपासून ओसरीवरच्या आजोबांपर्यंत सगळ्यांचे फोटो निघत असतील तर गाव टिकलं असं म्हणायचं का?

ऑस्ट्रियातलं हॉलस्टाट बघा. वस्ती जेमतेम साडेसातशेच्या आसपास. १९९७ पासून तो परिसर जागतिक वारसा. चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात २०१२ साली त्या गावाची प्रतिकृती उभी राहिली, इतकं ते गाजलं. आणि २०२३ मध्ये तिथलेच लोक फलक घेऊन रस्त्यावर उतरले की बस आवरा, माणसं आवरा. सेल्फीच्या जागेसमोर लाकडी कुंपण घालण्यापर्यंत मजल गेली. टीका झाल्यावर ते काढलं, ती गोष्ट वेगळी. डॉक्सी नावाच्या अभ्यासकाने हा क्रम १९७५ मध्येच मांडला होता: यजमान आधी हरखतात, मग त्यांना पाहुण्याचं काही वाटेनासं होतं, मग चिडचिड आणि शेवटी उघड वैर. ठराव करून हे थांबतं यावर माझा विश्वास नाही.

ओंजळ

@गोफण, मुद्दा रास्त आहे. ते तीन नियम घरांसाठी होते, गर्दीसाठी नव्हते. गर्दीचे नियम त्यांना मागाहून करावे लागले: गाड्या नदीपलीकडे उभ्या करायच्या आणि झुलत्या पुलावरून चालत यायचं, हिवाळ्यातल्या रोषणाईच्या संध्याकाळी २०१९ पासून आरक्षणाशिवाय प्रवेश नाही. हॉलस्टाटनेही २०२० पासून बसना वेळा नेमून दिल्या. दोन्हीकडे गर्दी अंगावर आल्यानंतर हालचाल झाली. म्हणून तर मी 'आधी' या शब्दावर अडून बसले आहे. वेळा, वाहनतळ, एका दिवशी किती माणसं, हे लोंढा येण्याआधी ठरवणं सोपं असतं, कारण तोवर त्या लोंढ्यावर कुणाचं पोट अवलंबून नसतं.

तानाबाना

मी विणकर आहे. अभ्यास वगैरे नाही, पण पाहुणे दारात आल्यावर काय होतं ते सांगू शकते.

मागावर बसलं की हात, पाय, डोळे एका लयीत लागतात. पाय खालच्या पावडीवर, आडव्या दोऱ्याचा धोटा फेकला की फणीचा ठोका, पुन्हा पाय. ही लय लागायला वेळ लागतो, मोडायला एक प्रश्न पुरतो. "ताई, धोटा हातात धरून जरा थांबा, फोटो घेतो." थांबलं की ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा, ताण बदलतो, पुढचा ठोका कमी-जास्त बसतो आणि कापडावर एक बारीक आडवी पट्टी उमटते. जाणकार गिऱ्हाईक त्या पट्टीवर बरोबर बोट ठेवतं आणि भाव पाडतं. फोटो काढणारा तोवर लांब गेलेला असतो.

आमच्या गटाने मग ठरवलं की विणायच्या वेळात आत कुणी यायचं नाही. दुपारनंतर एक माग फक्त दाखवायला, त्यावर जाडं, सोपं कापड. पाहुण्याने स्वतः धोटा फेकून बघायचा, दोरा तुटला तरी चालेल. आणि बघण्याचे पैसे घ्यायचे, मग कापड घ्या किंवा घेऊ नका. या शेवटच्या मुद्द्यावर फार वाद झाले. पाहुण्याकडून बघण्याचे पैसे घ्यायचे म्हणजे जुन्या माणसांना लाज वाटायची. पण पैसे घेत नव्हतो तेव्हा पाहुणाच अवघडायचा. रिकाम्या हाताने कसं निघायचं म्हणून सगळ्यात स्वस्त वस्तू उचलायचा. आणि आम्हीही हळूहळू स्वस्त वस्तूच विणायला लागलो होतो. माझ्या सासूबाईंना जी नक्षी यायची, ती विणायला बसावं असं कुणालाच वाटेना.

ओंजळ, तुमच्या ठरावात हे घाला: बघण्याची किंमत वेगळी, वस्तूची वेगळी.

सांजवेळ

तानाबानाताई, काय नेमकं लिहिलंत! उद्या माझ्या ऑफिसात कुणी येऊन "मॅडम, तो आकडा परत एकदा टाइप करा ना, व्हिडिओ नीट आला नाही" म्हणालं, तर पहिल्या दिवशी मी हसेन आणि दुसऱ्या दिवशी दाराला आतून कडी लावेन :)

नीलपंख

+१ तानाबाना. त्या आडव्या पट्टीबद्दल कधीच ऐकलं नव्हतं.

टिपकागद

'काय दाखवायचं नाही' या मुद्द्यावर बालीचं उदाहरण सांगतो. पर्यटक वाढायला लागल्यावर तिथे प्रश्न पडला की मंदिरातले नाच हॉटेलच्या मंचावर करावेत का. १९७१ मध्ये तिथल्या जाणकारांनी आणि अधिकाऱ्यांनी देनपसार शहरात चर्चासत्र भरवून यावर खल केला. त्यातून तीन वर्ग पुढे आले. मंदिराच्या अगदी आतल्या आवारातले, पूजेचाच भाग असलेले नाच म्हणजे 'वाली'. मधल्या आवारातले, पूजेला जोडून होणारे म्हणजे 'बेबाली'. बाहेरच्या आवारातले, करमणुकीचे म्हणजे 'बालिह-बालिहान'. तिसरे मंचावर खुशाल करा, पहिले नकोत. पुढे २०१५ मध्ये युनेस्कोच्या यादीत बालीचे नाच गेले तेव्हाही 'तीन प्रकारचे नाच' अशीच नोंद झाली.

ही रेषा व्यवहारात पूर्ण पाळली गेली असं नाही. काही नाच पैशासाठी इकडून तिकडे गेलेच, आणि काय पवित्र यावर त्यांच्यातही एकमत नव्हतं. तरीही मला त्या चर्चेचं मोल वाटतं. बाहेरच्या माणसाने "हे खरं, ते खोटं" असा शिक्का मारण्याआधी त्यांनी स्वतःच्या आवारांची मोजणी स्वतः केली.

मॅककॅनेल या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये लिहिलं होतं की पर्यटकाला पडद्यामागचं बघायची ओढ असते, म्हणून यजमान त्याच्यासाठी एक सजवलेलं 'पडद्यामागचं' तयार करतात. याकडे बहुतेक लोक फसवणूक म्हणून बघतात. मी तसं बघत नाही. तानाबानांचा दुपारनंतरचा माग हे तेच आहे. तो सजवलेला माग आहे म्हणून सकाळचा खरा माग शाबूत आहे.

तानाबाना

@टिपकागद, हो, अगदी तसंच. पण पाहुण्याला आम्ही हे सांगतो. लपवत नाही. "खरं काम सकाळी होतं, तेव्हा आम्हाला एकटं सोडा" असं सांगितलं की माणसं समजून घेतात. रागावलेलं कुणी आठवत नाही.

अनवट

सगळे 'गाव ठरवेल', 'गावाने ठराव करावा' असं लिहिताहेत. गाव म्हणजे कोण?

मी काही वर्षं ग्रामीण भागात बचत गटांबरोबर काम केलंय. समितीत कोण बसतं? ज्याचं घर रस्त्यालगत, ज्याच्याकडे दोन खोल्या जादा, ज्याला अर्ज लिहिता येतो. आणि ज्याला आपण वारसा म्हणून मिरवतो तो कुणाच्या हातात असतो? वाजवणाऱ्याच्या, मडकी घडवणाऱ्याच्या, चामडं कमावणाऱ्याच्या, दळताना गाणाऱ्या बाईच्या. यांच्याकडे पाहुण्याला द्यायला खोली नसते. मग पाहुणा उतरतो एकाच्या घरी, कला बघतो दुसऱ्याची आणि पैसे बहुतेक पहिल्याकडे राहतात. वाजवणाऱ्याला बिदागी.

दुसरं, ओंजळ, तुझा 'विकायचं नाही' हा नियम ऐकायला सुंदर आहे. पण एखाद्या एकट्या बाईला उपचारासाठी, मुलीच्या शिक्षणासाठी घर विकायचं असेल तर? तिला अडवणारे तिला पैसे देणार आहेत का? वारशाचं ओझं बहुतेक वेळा ज्याला दुसरा आधार नाही त्याच्याच डोक्यावर येतं. काँक्रीटचं घर बांधू नको असं त्याला सांगणारे स्वतः काँक्रीटच्या घरात राहतात.

गोफण

@अनवट, शंभर टक्के सहमत. या धाग्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद.

ओंजळ

@अनवट, पहिला मुद्दा पूर्ण मान्य. दुसऱ्यावर थोडं वेगळं सांगते. बंधन घालायचं तर भरपाईही त्याच ठरावात हवी. चीनच्या ग्वेइजोउ प्रांतात शिजियांग हे मियाव लोकांचं मोठं गाव आहे. तिथे प्रवेशशुल्कातला एक हिस्सा जुनी लाकडी घरं सांभाळणाऱ्या कुटुंबांना वाटला जातो आणि घर किती जुनं, कसं राखलंय यावर रक्कम ठरते. त्या गावाचं सगळंच मला पटतं असं नाही, पण हे तत्त्व पटतं. माझं घर जुनं राहिल्याने शेजाऱ्याची खोली भाड्याने जाते, तर त्या भाड्यात माझाही वाटा असायला हवा. आणि विकायचंच झालं तर आधी गावाच्या सामाईक निधीला विचारायचं, अशी सोय ठेवता येईल. सरसकट बंदीपेक्षा ते जास्त माणुसकीचं.

वाटसरू_

मी पाहुण्यांच्या बाजूचा. मला अशा गावांना जायला आवडतं आणि पैसे योग्य हातात जावेत असंही मनापासून वाटतं. पण ओळखायचं कसं? 'ग्रामीण अनुभव', 'स्थानिकांसोबत' हे शब्द आता प्रत्येक जाहिरातीत असतात. एका ठिकाणी राहिलो, सगळं छान होतं. निघताना जेवण वाढणाऱ्या काकूंशी बोललो तेव्हा कळलं की घर त्यांचंच होतं, दोन वर्षांपूर्वी विकलंय आणि आता त्याच घरात त्या पगारावर आहेत. पुढे काय बोलावं ते मला सुचेना.

सांजवेळ

बाप रे.

अनवट

@वाटसरू_, आरक्षण करताना तीन-चार साधे प्रश्न विचारायचे. घर कुणाच्या नावावर आहे? पाहुणे कोणत्या घरी जाणार हे कोण ठरवतं? वाट दाखवणारा माणूस गावातलाच का? गावाच्या निधीत काही जातं का आणि त्याचा हिशेब कुठे लावलेला असतो? खरोखर गावाने चालवलेलं असेल तर उत्तरं लगेच आणि उत्साहाने येतात.

नीलपंख

'पाहुणे कोणत्या घरी जाणार हे कोण ठरवतं' यावर पेरूमधल्या ताकिले बेटाची गोष्ट सांगायलाच हवी. टिटिकाका सरोवरातलं हे बेट तिथल्या विणकामासाठी ओळखलं जातं. पुरुष सुयांवर टोप्या विणतात, बायका मागावर रुंद कंबरपट्टे विणतात आणि त्या पट्ट्यांवर शेतीच्या वर्षाची चिन्हं असतात. २००५ मध्ये युनेस्कोने या वस्त्रकलेचा गौरव केला.

१९७० च्या दशकात पर्यटक यायला लागले तेव्हा बेटवासीयांनी सगळं स्वतःकडे ठेवलं. बोटी त्यांच्या सामाईक मालकीच्या. धक्क्यावर उतरलेल्या पाहुण्यांना पाळीपाळीने घरं वाटून द्यायची, म्हणजे कुणा एकाचंच घर भरणार नाही. विणलेल्या वस्तू सामाईक दुकानात, ठरलेल्या दराने. आपसात भाव पाडायचा नाही. अनवट म्हणतात तो घरांचा प्रश्न त्यांनी बऱ्यापैकी सोडवला होता.

मग हातून काय गेलं? बोटी. १९९० च्या दशकात देशाचं धोरण खुल्या स्पर्धेकडे वळलं, बेटाचा वाहतुकीवरचा हक्क टिकला नाही आणि किनाऱ्यावरच्या पुनो शहरातल्या व्यावसायिकांच्या वेगवान बोटी आल्या. त्या सकाळी पाहुणे आणतात, दुपारी परत नेतात. मुक्कामच नाही, तर पाळीने घर वाटणार कुणाला? बेट तेच, माणसं तीच, विणकाम तेच. फक्त पाहुणा आणणारा बदलला आणि पैशाची वाट बदलली.

आज ती बोट म्हणजे आरक्षणाचं अॅप. गावाने घरं, वाटाडे, समिती सगळं उभं केलं आणि आरक्षण बाहेरच्याच्या हातात दिलं, तर पाच वर्षांनी दरही तोच ठरवेल आणि किती तास थांबायचं तेही तोच.

गोफण

@नीलपंख, ही माहिती नवीन होती. यावरून एक मान्य करतो: ठराव नुसता नैतिक असून चालत नाही, त्यामागे कायदा लागतो. नामिबियात १९९६ च्या कायद्याने गावसमूहांना आपल्या भागातल्या वन्यजीवांवर आणि त्यावरच्या पर्यटनावर हक्क दिले, १९९८ पासून अशा समूहांची नोंदणी सुरू झाली. त्यामुळे बाहेरच्या कंपनीला मुक्कामतळ उभारायचा तर त्या समूहाशी करार करावा लागतो. भाडं, नोकऱ्या, मुदत सगळं लेखी. कंपनीला हाकलायची गरज नाही, पण तिने दार वाजवून आत यावं, इतकं बळ गावाकडे हवं.

चीनमधलं शिदी आणि होंगत्सुन ही याच मुद्द्यावरची शेजारशेजारची उदाहरणं. दोन्ही आनह्वेइ प्रांतातली, दोन्ही २००० साली एकाच नोंदीखाली जागतिक वारसा. शिदीत गावाचीच कंपनी पर्यटन चालवायला लागली. होंगत्सुनने १९९० च्या दशकाच्या शेवटी बाहेरच्या कंपनीशी दीर्घ मुदतीचा करार केला. पैसा आला, जाहिरात झाली, तिकिटं भरपूर खपली. पण तिकिटातला गावाचा वाटा किती, यावर रहिवासी आणि कंपनी यांच्यात वर्षानुवर्षं तंटा चालला.

रानमेवा

अवांतर विचारतो. ड्रोनचं काय करायचं? आणि इतके नियम घातले तर येणार कोण? 'विणताना येऊ नका', 'फोटो काढू नका', 'गाडी लांब लावा'. पाहुणा म्हणेल, मग मी घरीच बसतो.

टिपकागद

@रानमेवा, ऑस्ट्रेलियातल्या उलुरूबद्दल वाचा. तो प्रचंड खडक आणि भोवतीची जमीन १९८५ मध्ये तिथल्या अनांगू लोकांना परत मिळाली आणि त्यांनी ती उद्यानासाठी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने सरकारला दिली. व्यवस्थापन मंडळात बहुमत त्यांचं. खडकावर चढणं त्यांच्या परंपरेत बसत नाही, तरी त्यांनी एकदम बंदी घातली नाही. वर्षानुवर्षं पायथ्याशी पाटी लावून विनंती केली: कृपया चढू नका. २०१० च्या आराखड्यात अट लिहिली की चढणाऱ्यांचं प्रमाण २० टक्क्यांच्या खाली गेलं तर वाट बंद करता येईल. ते खाली गेलं, २०१७ मध्ये मंडळाने एकमताने निर्णय घेतला आणि २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई कायमची बंद झाली.

म्हणजे बंदी येण्याआधीच बहुतेक पाहुण्यांनी विनंती मानली होती. कारण नीट समजावलं तर माणसं ऐकतात, एवढा विश्वास मला पाहुण्यांवर वाटतो. ड्रोनला मात्र माझा सरळ विरोध आहे. उघड्या अंगणांच्या वस्तीवर आकाशातून कॅमेरा फिरवायला घरोघरची परवानगी हवी.

रानमेवा

२० टक्क्यांची अट आवडली. विनंतीलाही आकड्याचा आधार दिला. पटलं.

खडूफळा

मी शिक्षक. इतका वेळ नुसता वाचत होतो.

घरं, बोटी, तिकिटं यावर चांगलं लिहिलंय सगळ्यांनी. मला काळजी गाण्यांची आहे. पाहुण्याला दहा मिनिटांचं गाणं हवं असतं, म्हणून मुलांना दहा मिनिटांचं शिकवतात. मुलं ते सुरेख म्हणतात, टाळ्या पडतात. आणि रात्रभर चालणारं मूळ गाणं येणारी एक म्हातारी तिथेच कोपऱ्यात बसलेली असते. तिला कुणी विचारत नाही, कारण ती लांबण लावते. असा कार्यक्रम मी पाहिलाय. दहा मिनिटं संपल्यावरही ती ओठातल्या ओठात पुढचं म्हणत होती. मुलं निघून गेली होती.

फिलिपिन्समधल्या इफुगाओ लोकांची 'हुदहुद' नावाची गाथागीतं आहेत. दोनशेहून जास्त गाथा, प्रत्येकीचे चाळीसेक भाग, पूर्ण गायला दिवसचे दिवस लागतील अशा. गातात बहुतेक बायकाच: पेरणीला, भातकापणीला, मयताच्या जागरणाला. तिथली डोंगरउतारावरची भातखाचरं १९९५ मध्ये जागतिक वारसा झाली आणि २००१ मध्ये धोक्यातल्या यादीत गेली. तरुण मंडळी गाव सोडून गेली, बांध ढासळले, पाट बुजले. दुरुस्तीनंतर २०१२ मध्ये नाव त्या यादीतून निघालं. पाहुणा वरच्या रस्त्यावरून खाचरांचा फोटो घेतो, पण ती टिकतात चिखलात उतरून बांध घालणाऱ्यामुळे. खाचर गेलं की कापणी गेली, आणि कापणीबरोबर तिचं गाणंही. मंचावर ठेवून ते किती दिवस जगेल?

माझी सूचना अशी की पाहुण्यांच्या पैशातला पहिला हिस्सा खोल्यांच्या रंगरंगोटीला नको. बांधाला, पाटाला आणि त्या म्हातारीला. तिला शिकवण्याचं मानधन द्या आणि मुलांना पूर्ण गाणं शिकू द्या, पाहुणे येवोत न येवोत.

तानाबाना

सर, "पाहुणे येवोत न येवोत" हे फार महत्त्वाचं लिहिलंत. सासूबाईंची नक्षी मी आता अशीच शिकतेय. विकायला नाही.

गोफण

खडूफळा सरांच्या शेवटच्या वाक्याला जोडून. मालीमधल्या बांदियागाराच्या कड्यांवरची दोगोन गावं १९८९ पासून जागतिक वारसा. वाटाडे, मुक्कामाची घरं, मुखवट्यांचे नाच, मोठी उलाढाल होती. २०१२ मध्ये देशात संघर्ष पेटला आणि पाहुणे जवळजवळ थांबले. २०२० मध्ये तर महामारीने सगळ्या जगालाच तो अनुभव दिला. ज्यांनी शेती, गुरं, माग सोडून फक्त खोल्या बांधल्या होत्या त्यांचे हाल झाले, ज्यांचं पाहुण्यांचं उत्पन्न जोडधंदा होता ते तगले. ओंजळ, तुझ्या ठरावात एक कलम माझ्याकडून: पाहुण्यासाठी मूळ काम सोडायचं नाही.

सुरुवातीला ठरावांवर विश्वास नाही म्हणालो होतो. अजूनही गर्दीच्या बाबतीत धास्ती वाटतेच. पण कलमं चांगली जमताहेत.

मृण्मयी_म

मी इथे नवीन. धागा शोधून वाचला, कारण आमच्या गावात पुढच्या आठवड्यात याच विषयावर बैठक आहे. जुनी दगडी घरं, एक गाण्याची परंपरा, बाहेरचा एक व्यावसायिक आराखडा घेऊन आलाय. सहा घरं भाडेपट्ट्याने मागतोय. चांगले पैसे देतोय, त्यामुळे लोक राजी आहेत. मूळ प्रश्नावर येते: एका बैठकीत सगळं ठरणार नाही. पहिल्या बैठकीत काय मांडू?

नीलपंख

@मृण्मयी_म, भाडेपट्ट्याची मुदत लहान ठेवा आणि आरक्षणाची वही गावाकडे ठेवा. बाकी सगळ्यावर पुढे बोलता येईल. या दोन गोष्टी एकदा गेल्या की परत येत नाहीत.

तानाबाना

गाणाऱ्या माणसांना आधी वेगळं भेटा, बैठकीआधी. काय गायचं आणि काय नाही हे त्यांनाच ठरवू दे. भरल्या सभेत ती बोलणार नाहीत.

ओंजळ

मृण्मयी, स्वागत. सहाही घरांवर एकदम सही करू नका. दोन घरांपासून सुरुवात करा, एक पूर्ण वर्ष जाऊ दे, मग पुन्हा बसा. आणि त्या व्यावसायिकाला एक प्रश्न सगळ्यांसमोर विचारा: गावाने एखादा महिना पाहुणे नकोत असं ठरवलं तर करारात त्याला जागा आहे का? त्याच्या उत्तरावरून पुष्कळ कळेल. महिना कोणता ते तुम्हीच ठरवा. कापणीचा असेल, सणाचा असेल, किंवा नुसता विश्रांतीचा.

अनवट

आणि बैठकीला कोण येणार ते बघा. ज्यांची घरं मागितली आहेत तेवढेच की सगळे? भाड्याने राहणारे, भूमिहीन, कामासाठी बाहेर गेलेली मुलं?

मृण्मयी_म

सध्या फक्त सहा घरमालकांना निरोप गेलाय. बाकीच्यांना आज सांगते. गाणाऱ्या काकूंकडे संध्याकाळी जाऊन येईन. बैठक सकाळी दहाला ठेवली होती, ती वेळ बायकांना जमणारी नाही, तीही बदलून घेते. करारातल्या महिन्याचं त्याला विचारून इथे लिहीन.